वर्षाचं उत्पन्न गाडीच्या किमतीइतकं झालं, म्हणून लक्झरी गाडी परवडते का?

गेले काही महिने एक मजकूर हातोहात फिरतोय. मला तो बऱ्याच जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी तर खाली 'आता घेऊनच टाकतो' असं लिहून. मजकुराचा गाभा एका ओळीचा आहे: वर्षाचं उत्पन्न गाडीच्या किमतीइतकं झालं की लक्झरी गाडी खुशाल घ्यावी. त्या ओळीला टेकू म्हणून कारणं दिली आहेत. हप्ता सहज बसतो. या गाड्या बिघडत नाहीत. नवी झेपत नसेल तर तीन-चार वर्षं वापरलेली घ्या. गाडीने माणसाचं वजन वाढतं, त्यातून कामं मिळतात. व्यवसायाच्या नावावर घेतली की करात सुटते. आणि शेवटी, आयुष्य एकदाच मिळतं.

मला गाड्या मनापासून आवडतात. चांगल्या गाडीचं दार लागतानाचा आवाज सुद्धा मला ऐकत बसावासा वाटतो. म्हणूनच या मजकुराने मी अस्वस्थ झाले. आवडीच्या वस्तूपायी माणसं गळ्यापर्यंत बुडालेली मी जवळून पाहिली आहेत.

"वर्षाचं उत्पन्न गाडीच्या किमतीइतकं असलं की पुरे."

महिन्याला हातात १०० येतात असं धरू. चलन कुठलंही घ्या. वर्षाचे झाले १२००, आणि गाडीही १२०० ची. त्यातले २४० रोख भरले, उरलेल्या ९६० चं कर्ज ९ टक्के व्याजाने काढलं. चार वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता जवळजवळ २४ येतो. म्हणजे दर महिन्याच्या शंभरातले २४ गाडी जागेवरून हलायच्या आधीच गेले. विमा, इंधन, सर्व्हिसिंग, टायर, पार्किंग हे सगळं त्याच्या वर.

गाडीच्या कर्जाबाबत एक जुना ठोकताळा आहे, २०-४-१० चा. किमतीच्या किमान २० टक्के रोख भरा, कर्ज ४ वर्षांपेक्षा जास्त मुदतीचं घेऊ नका, आणि गाडीवरचा महिन्याचा एकूण खर्च उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. हा ठोकताळा आपल्या शंभराला लावून बघा. दहापैकी ७ हप्त्याला आणि ३ बाकी खर्चाला ठेवले, तर चार वर्षांच्या मुदतीत कर्ज मिळतं साधारण २८०, आणि रोखीचे धरून गाडी बसते ३५० ची. म्हणजे साडेतीन महिन्यांच्या उत्पन्नाइतकी. फिरणारा मजकूर त्याच माणसाला बारा महिन्यांच्या उत्पन्नाची गाडी घ्यायला सांगतोय, जवळजवळ साडेतीन पट.

पण माझी खरी तक्रार पटीबद्दल नाही. उत्पन्न हे मापच मला पटत नाही. दोन माणसं घ्या, दोघांनाही महिन्याला १०० मिळतात. एकाचं घर स्वतःचं, कर्ज नाही, मुलं मिळवती झालेली. त्याचे सगळा खर्च जाऊन ५० उरतात. दुसरा भाडं भरतोय, आईवडिलांच्या औषधपाण्याचं बघतोय, मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला टाकतोय. त्याच्या हातात उरतात १२. मजकूर दोघांनाही सारखाच सल्ला देतो. दुसऱ्याने २४ चा हप्ता कुठून भरायचा? तो भरतोही, हे मी पाहिलंय. आधी निवृत्तीसाठीची बचत थांबते, मग विम्याचा एखादा हप्ता चुकतो, मग क्रेडिट कार्डाची पूर्ण रक्कम भरायची सोडून किमान रक्कम भरली जाते. गाडी दारात चमकत असते, त्यामुळे बाहेरच्या कुणाला काही कळत नाही.

"हप्ता बसतोय ना, मग झालं."

हप्ता कमी करण्याचा सोपा उपाय म्हणजे मुदत वाढवणं. तेच ९६० चं कर्ज सात वर्षांचं केलं की हप्ता २४ वरून साडेपंधरावर येतो. परवडल्यासारखं वाटतं, पण एकूण व्याज १८७ वरून सुमारे ३३७ वर जातं. शिवाय सात वर्षांच्या कर्जात सुरुवातीला मुद्दल फार हळू सरकतं. १०० उसने घेतले असतील तर तीन वर्षं नेमाने हप्ते भरूनही जवळपास ६५ शिल्लक असतात. ज्याने सगळीच्या सगळी किंमत कर्जाने उभी केली, त्याची गाडी तोवर ५५-६० वर आलेली असू शकते. मोठ्या आलिशान सेडानची किंमत पाच वर्षांत निम्म्यावर किंवा त्याखाली येणं ही काही नवलाची गोष्ट नाही. अशा वेळी नोकरी गेली तर गाडी विकूनही कर्ज फिटत नाही, वर घरातून भर घालावी लागते. अपघातात गाडी पुरती निकामी झाली तरी तेच. विमा कंपनी साधारणपणे गाडीची त्या दिवसाची किंमत देते, तुमच्या कर्जाची बाकी बघत नाही. त्यासाठीचं वेगळं संरक्षण घेतलं असेल तरच सुटका.

परवडण्याचं माप हप्ता, हा विचार कुठून आला ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९१९ साली गाड्यांना कर्ज देण्यासाठी स्वतःची वित्तकंपनी काढली. हेन्री फोर्डला उधारीवरची विक्री पसंत नव्हती. त्याच्या कंपनीने १९२३ मध्ये उलटी योजना आणली: गिऱ्हाइकाने आठवड्याला थोडे थोडे पैसे जमा करत राहायचे, किमतीइतके जमले की गाडी ताब्यात. योजना चालली नाही. माणसांना गाडी आज हवी होती, आणि शेजारचा विक्रेता ती आजच द्यायला तयार होता. अखेर १९२८ मध्ये फोर्डनेही आपली वित्तकंपनी सुरू केली. 'महिन्याला किती भरू शकता?' हा प्रश्न विकणाऱ्याच्या सोयीने घडलेला आहे. घेणाऱ्याने तो स्वतःला विचारायचं कारण नाही. ऋण काढून सण साजरा करू नये असं आपल्या भाषेनेच सांगून ठेवलंय, आणि गाडी तर सात वर्षं चालणारा सण आहे.

"या गाड्या बिघडत नाहीत" आणि "वापरलेली घ्या, अर्ध्या किमतीत मिळते."

ही दोन कारणं मजकुरात वेगवेगळी दिली आहेत. मी एकत्र घेते, कारण एकातली चूक दुसऱ्यात जाऊन भोवते.

'बिघडत नाही' असं छातीठोकपणे सांगणारे बहुतेक लोक पहिले मालक असतात आणि वॉरंटी संपायच्या सुमारास गाडी विकतात. त्यांचा अनुभव खरा असतो, पण तो गाडीच्या आयुष्यातल्या सगळ्यात निरोगी काळाचा असतो. पुढची दुखणी दुसऱ्या मालकाच्या वाट्याला येतात.

माझ्या मावसभावाने चार वर्षं वापरलेली एक मोठी सेडान घेतली, एअर सस्पेन्शनवाली. या गाड्यांत स्प्रिंगच्या जागी हवेने भरलेल्या रबरी पिशव्या असतात आणि एक कॉम्प्रेसर त्यात हवा भरत राहतो. आठव्या महिन्यात एका सकाळी गाडीचा पुढचा डावा कोपरा बसलेला दिसला. टायर आणि वरची कमान यांच्यामधे एरवी चार बोटं जात, त्या दिवशी एकही जाईना. त्याने इंजिन सुरू केलं, मागून घरघर ऐकू आली आणि गाडी हळूहळू उभी राहिली. "बघ, ठीक आहे," तो मला म्हणाला. दोन महिने रोज सकाळी हेच. मग एक दिवस घरघर आलीच नाही. रबराला बारीक चीर गेली होती, हवा गळत होती, आणि ती भरून काढता काढता कॉम्प्रेसर जळला होता. गॅरेजवाल्याने जोडीतली दुसरी बाजूही बदलून घ्या म्हणून सांगितलं, आणि त्याचं चुकत नव्हतं. अंदाजपत्रकाची बेरीज गाडीला मोजलेल्या पैशांच्या सातव्या हिश्शाइतकी झाली. तो कागद हातात धरून दादा कितीतरी वेळ गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हे मी तोवर नुसतंच म्हणत आले होते.

अर्ध्या किमतीच्या आमिषातली मेख हीच आहे. जुनी झाली की गाडी स्वस्त होते, तिचे भाग स्वस्त होत नाहीत. गाडी पाव किमतीत मिळाली तरी तिचा हेडलॅम्प पूर्ण किमतीच्या गाडीचाच असतो. आणि हा खर्च फक्त मोठ्या बिघाडांपुरता नाही. समोरच्या काचेवर दगड उडाला तर साध्या गाडीत काच बदलली की काम झालं. जिच्या काचेमागे लेन सांभाळणारा, आपोआप ब्रेक लावणारा कॅमेरा आहे, तिची काच बदलल्यावर बहुतेकदा कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर नेमकी जुळवून घेणं, पुन्हा करावं लागतं आणि त्याचं बिल वेगळं येतं. रन-फ्लॅट टायर पंक्चर होऊनही साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत चालतात, ही सोय मोठीच. पण अशा बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसते, आणि तसा चालवलेला टायर अनेकदा दुरुस्त न करता बदलायला सांगतात. काही गाड्यांच्या कागदपत्रांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल 'आयुष्यभर पुरणारं' म्हटलेलं असतं. यातले अनेक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदलायला सांगते. पहिल्या मालकाला हे बदलावं लागतच नाही, दुसऱ्याला कुणी सांगत नाही.

वापरलेली लक्झरी गाडी घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. किमतीतली मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते, हा फायदा खरा आहे. पण तो त्याच्याच पदरात पडतो, ज्याने वाचलेल्या पैशांतला चांगला हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला काढून ठेवलाय. दादाने होते नव्हते ते सगळे पैसे गाडीत घातले होते.

"गाडीने वजन वाढतं, ती गुंतवणूक आहे."

एखाद्या धंद्यात गिऱ्हाईक गाडी बघून माणूस जोखतं, हे मी नाकारत नाही. पण अशा वेळी किती कामं गाडीमुळे मिळाली हे आकड्यात सांगता आलं पाहिजे. ते न सांगता गुंतवणूक म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे.

नेदरलँड्समध्ये पोस्टकोडवर चालणारी एक लॉटरी आहे. तिथला एक पोस्टकोड म्हणजे साधारण एका गल्लीतली घरं. एखादा पोस्टकोड लागला की तिथल्या तिकीटधारकांना रोख बक्षीस मिळतं आणि त्याबरोबर बीएमडब्ल्यू गाडीही. संशोधकांनी या गल्ल्यांचा अभ्यास केला आणि तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी तिकीटच काढलं नव्हतं, ज्यांच्या उत्पन्नात एका पैशाचीही भर पडली नव्हती, अशा शेजाऱ्यांमध्येही गाडी घेण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. शेजारच्या दारात नवी गाडी आली एवढंच काय ते बदललं होतं. आपल्याला गाडी हवीशी वाटते ती कुठून, हे स्वतःला विचारताना मला ही गल्ली नेहमी आठवते.

"व्यवसायाच्या नावावर घेतली की करात सुटते."

करातली सूट म्हणजे खर्चाचा एक तुकडा परत मिळणं. कराचा दर ३० टक्के असेल तर १०० खर्चून फार तर ३० वाचतात, ७० खिशातूनच जातात. अनेक देशांत खाजगी वापराचा भाग वेगळा काढावा लागतो आणि महागड्या गाड्यांवर मर्यादाही असतात. गाडी धंद्याला लागत असेल तर सूट जरूर घ्यावी. सूट मिळते म्हणून गाडी घेण्यात काही हशील नाही.

"आयुष्य एकदाच मिळतं."

याला मी खोडून काढणार नाही. लांबच्या प्रवासात पाठ न दुखणं, पावसाळी रात्री रस्त्यावर घट्ट बसलेली गाडी, आईला मागच्या सीटवर शांत झोप लागणं, हा आनंद खरा आहे आणि त्यावर पैसे खर्च करायचा प्रत्येकाला हक्क आहे. पण माझ्या पाहण्यातल्या ज्यांनी ओढून ताणून गाडी घेतली, ते ती निर्धास्तपणे चालवत नाहीत. ओरखड्याला घाबरतात, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की पोटात गोळा येतो, लांबच्या प्रवासाला बसने जातात. ज्या सुखासाठी गाडी घेतली ते सुखच हाताला लागत नाही.

मग उत्पन्न किती हवं? आकडाच हवा असेल तर माझा असा: कर्ज काढून घेणार असाल तर गाडी वर्षाच्या, हातात येणाऱ्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या आत असावी. पण मी त्याहून जास्त विश्वास शिल्लकीवर ठेवते. घरखर्च, देणी आणि निवृत्तीची बचत जाऊन महिन्याला जे उरतं, त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त गाडीने खाऊ नये. यात हप्ता, विमा, इंधन, सर्व्हिसिंग आणि टायरचा महिन्याचा वाटा सगळं आलं. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा पडलेला असावा आणि गाडीसाठी त्याला हात लागू नये.

आणि फोर्डची ती फसलेली योजना घरच्या घरी करून बघावी. जी गाडी हवी आहे तिचा महिन्याचा पूर्ण खर्च एका वेगळ्या खात्यात एक वर्षभर टाकायचा, जणू गाडी आलेलीच आहे. कुठल्याही महिन्यात हात आखडला किंवा त्यातून पैसे काढावे लागले, तर उत्तर मिळालं. वर्ष सुरळीत गेलं तर डाउन पेमेंट आपोआप जमलेलं असतं.

दादाने ती सेडान विकली, तोट्यात. आता त्याने असं खातं उघडलंय आणि यंदा सातवा महिना भरला. परवा गेले तेव्हा त्याच्या वहीत चार किमती लिहिलेल्या दिसल्या, सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारलेल्या: समोरची काच कॅलिब्रेशनसह, एक हेडलॅम्प, चार टायर, पुढच्या सस्पेन्शनची जोडी. खाली बेरीज. गाडीच्या मॉडेलचं नाव लिहायची जागा त्याने अजून कोरी सोडली आहे.