एका 'च'साठी एवढं?

नमस्कार. टी-पेशींच्या (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) स्मृतीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. (स्मृतिपेशी म्हणजे जुना संसर्ग लक्षात ठेवून उरणाऱ्या टी-पेशी; इटोमॉक्सिर म्हणजे पेशींचं चरबी जाळणं रोखणारं औषध.) "स्मृतिपेशी चरबी जाळूनच तग धरतात हा दावा इटोमॉक्सिरच्या प्रयोगांवर उभा होता, तो 2018 मध्येच मोडीत निघाला, लेखकाने पुढचं काही वाचलेलं दिसत नाही," असं तुम्ही म्हणता.

'वाचलेलं दिसत नाही' हे कशावरून? लेखात एक गोष्ट आली नाही म्हणजे ती मला ठाऊकच नाही, हा निष्कर्ष तुम्ही कुठल्या प्रयोगातून काढलात? चूक जरूर दाखवा, पण नाकाने कांदे सोलत कशाला?

'जाळूनच'मधला 'च' जास्त झाला. मान्य. काढलाय.

आता इटोमॉक्सिर. मी ते नुसतं वाचलेलं नाही, या हातांनी वापरलंय. तीन वर्षं टी-पेशी किती ऑक्सिजन वापरतात ते मोजत होतो. पेशी प्लेटच्या तळाशी चिकटवायच्या, आधी ऑलिगोमायसिन (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातली ऊर्जानिर्मिती थांबवणारं), मग एफसीसीपी (पेशीला कमाल वेगाने ऑक्सिजन वापरायला लावणारं). एफसीसीपी पडलं की आलेखावर स्मृतिपेशींची ऑक्सिजनची रेघ उसळायची. ऐन लढाईतल्या पेशींची जेमतेम हलायची. तो राखीव दम मी डोळ्यांनी पाहिलाय. इटोमॉक्सिर घातलं की तीच रेघ खाली बसायची. मात्रा? 200 मायक्रोमोलर. तेव्हा सर्रास तेवढंच घालायचे. एवढ्या मात्रेत ते सीपीटी1ए (चरबी जाळायला आत नेणारं, इटोमॉक्सिरचं खरं लक्ष्य असलेलं प्रथिन) सोडून इतरही बरंच बिघडवतं, आणि टी-पेशींमधलं सीपीटी1एचं जनुकच काढलं तरी उंदरांत स्मृतिपेशी तयार होतात, हे 2018 मध्ये दिसलं. खरंय. (माझेही आलेख त्यात गेले. ते तुम्ही येऊन सांगायची गरज नव्हती.)

पण म्हणून सगळंच मोडीत? 2009 मध्ये रोगप्रतिकारशास्त्रज्ञ एरिका पिअर्स आणि सहकाऱ्यांनी ट्राफ6 हे प्रथिन नसलेल्या टी-पेशींची हरवलेली स्मृती परत आणली ती चरबी जाळणं वाढवणाऱ्या मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाने, इटोमॉक्सिरने नव्हे. त्याच वर्षी रॅपामायसिन या औषधाने एमटॉर (पेशीची वाढ चालवणारं प्रथिन) दाबल्यावर उंदरांत स्मृतिपेशी वाढल्याचं दिसलं. त्यातही तुमचं इटोमॉक्सिर नाही. एक औषध बेभरवशाचं निघालं, एवढंच.

'हे सगळं उंदरांतलं', 'बी-पेशींचं काय' वगैरे तुमचे बाकीचे आक्षेप: तो लेखाचा विषयच नव्हता. माणसांचंच हवं असेल, तर बीसीजी लस दिलेल्यांच्या मोनोसाइट्समध्ये (रक्तातल्या आणखी एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींत) ग्लायकोलिसिस, म्हणजे साखर मोडून ऊर्जा काढणं, वाढलेलं सापडलंय. त्यावर वेगळं लिहीन, सवड झाली की.

आणि एक. पुढच्या वेळीही टोपणनावाने लिहा, हरकत नाही. पण 'लेखकाने' नका म्हणू. मी इथेच बसलोय.