'जाहिरात' म्हणणाऱ्या वाचकांना

एसडीपी, म्हणजे एकाच दात्याकडून मशीनने काढलेल्या प्लेटलेट्सची पिशवी, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "हा लेख म्हणजे एसडीपीची जाहिरात आहे. साध्या प्लेटलेट्सच्या पिशव्यांनी काम भागतं. डेंगीत नुसता आकडा बघून चढवायला लावतात, गरिबाने एवढे पैसे आणायचे कुठून?"

एक चूक आधी मान्य करतो. एक एसडीपी म्हणजे दहा साध्या पिशव्या, असं मी लिहून गेलो होतो. ते सहाच्या आसपास हवं; दुरुस्त केलंय.

पण 'जाहिरात'? हा शब्द टाइप करताना काहीच वाटलं नाही तुम्हाला? अठरा वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे मी. दात्याला मशीनवर घेतलं की तास-सव्वा तास त्याच्याजवळून हलत नाही. ओठांना मुंग्या येतात म्हणाला की कॅल्शियमची गोळी चघळायला देतो, मशीनचा वेग कमी करतो, रक्त गोठू नये म्हणून मशीन जे सायट्रेट मिसळतं त्यामुळे होतं, घाबरू नका म्हणतो. लाल पेशी त्याच्या त्याला परत जातात, पिशवीत उतरतं ते फिकट पिवळं. ती पिशवी 20 ते 24 अंशांवर सतत हलती ठेवायची, तीही फार तर 5 दिवस. यात मी विकलं काय? मला पगार मिळतो, पिशवीमागे कमिशन नाही.

आणि 'काम भागतं' कुणाचं? ल्युकेमियाची नऊ वर्षांची एक मुलगी होती. महिनोन्‌महिने साध्या पिशव्या, प्रत्येक पिशवीचा दाता वेगळा. शेवटी अंगात परक्या प्लेटलेट्स नष्ट करणाऱ्या अँटिबॉडी तयार झाल्या. सहा पिशव्या चढवल्या तरी आकडा 8 हजारांवरून हलेना, हिरड्यांतून रक्त थांबेना. क्रॉसमॅच करकरून जुळणारा एक दाता सापडला, त्याची एसडीपी दिली, तेव्हा कुठे आकडा 30 हजारांपुढे गेला. तिची आई रात्रभर आमच्या काउंटरसमोरच्या बाकावर बसून होती. तिच्यासमोर म्हणून दाखवा, काम भागतं.

डेंगीचं म्हणाल तर रक्तस्राव नसेल आणि आकडा 10 हजारांच्या वर असेल, तर सहसा प्लेटलेट्स लागत नाहीत. पण चिठ्ठी डॉक्टर लिहितात, मी नाही. पैशांचा विषय वेगळा आहे, माझा लेख त्यावर नव्हताच.

तुमच्या प्लेटलेट्स दीड लाखांच्या वर असतील, हाताची शीर चांगली असेल आणि तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतली नसेल, तर एकदा या. खुर्चीवर बसा. मग बोलू.