ट्राउझर प्रेस आणा, पण इस्त्री राहू द्या

ब्रिटनमधल्या हॉटेलांच्या खोल्यांत दिसणारा इलेक्ट्रिक ट्राउझर प्रेस, म्हणजे पँट दोन पाट्यांमध्ये धरून गरम दाबाने सरळ करणारं यंत्र, घरी आणावा, असा सल्ला तिथल्या आपल्या मंडळींत आवर्जून पुढे पाठवला जातो. त्यातले दावे असे: हे यंत्र आलं की इस्त्री लागत नाही, वीज नावापुरती जाते, कुठलीही पँट चालते, ओली पँट रात्री अडकवली तर सकाळी वाळून कडक मिळते, आणि कापडाला इजा होण्याचा प्रश्नच नाही. यंत्र चांगलं आहे. ते ज्यासाठी बनलं त्याऐवजी भलत्याच कामासाठी लोकांच्या गळ्यात मारलं जातंय, हे मला खटकतं.

इस्त्री लागत नाही, हा सगळ्यात मोठा दावा आणि सगळ्यात मोठी चूक. सुती धाग्यात सेल्युलोज या पदार्थाच्या रेणूंच्या लांब साखळ्या हायड्रोजन बंधांनी, म्हणजे सहज सुटणाऱ्या पकडींनी, एकमेकींना धरून असतात. कापड भिजलं की हे बंध सुटतात आणि वाळताना, कापड जसं चुरगळलेलं असेल तसेच पुन्हा जुळतात. चुणी म्हणतो ती हीच. ती काढायची तर पुन्हा ओलावा हवा आणि भरपूर उष्णता हवी. कपड्याच्या लेबलवर इस्त्रीच्या चित्रात टिंबं असतात. एक टिंब म्हणजे ११० अंश सेल्सिअसपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. सुती आणि लिननच्या कपड्यांवर बहुधा तीन टिंबं सापडतात. प्रेसची पाटी इतकी तापत नाही आणि तिच्यात वाफही नसते. त्यामुळे धुऊन चुरगळलेली सुती पँट त्यात घातली तर चुण्या जात नाहीत, नुसत्या चपट्या होतात.

लोकरीचं तसं नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा पोटात घेऊ शकते, आणि तिचा धागा मुळातच लवचिक, मूळ आकाराकडे परतणारा. दिवसभर खुर्चीत बसून सुटाच्या पँटला गुडघ्यावर फुगवटा येतो, पायाची घडी मंदावते. तिथे थोडी ऊब, सारखा दाब आणि वेळ एवढं पुरतं. प्रेस यासाठीच आहे: एकदा घातलेली, न धुतलेली वुलन पँट दुसऱ्या दिवशीसाठी नीट करणं. विंडसरच्या कॉर्बी कंपनीचे सुरुवातीचे प्रेस तर विजेशिवाय, नुसत्या दाबावर चालायचे; तापणारी पाटी पुढे आली. आपल्याकडे पँट घडी घालून गादीखाली ठेवायचे, त्यातही दाब आणि वेळच काम करत असे.

शिवाय कंबरेचा भाग पाट्यांच्या बाहेर राहतो. खिसे, बसायची बाजू, कंबरपट्टी यांना प्रेस नीट पोचतच नाही. शर्ट, कुर्ते, साड्या, मुलांचे गणवेश यांचं काय, ते तर या सल्ल्यात कुणी विचारतच नाही.

विजेचा हिशेब साधा आहे. प्रेस २५० वॅटचा धरला आणि अर्धा तास चालवला, तर ०.१२५ युनिट. १००० वॅटची साधी इस्त्री एका पँटला पाच मिनिटं अखंड तापत राहिली, तरी ०.०८३ युनिट, प्रत्यक्षात थर्मोस्टॅट ती मधूनमधून बंद करतो. वॅट कमी म्हणून वीज कमी, हे वेळ न मोजता काढलेलं अनुमान आहे. रक्कम दोन्हीकडे किरकोळच, पण बचतीच्या नावावर यंत्र विकू नये.

कुठलीही पँट चालते, हेही खरं नाही. कॉर्डुरॉयची लव दबून बसते. जीन्सच्या जाड शिवणींमुळे पाट्या सारख्या टेकत नाहीत, आणि शिवणीचा ठसा वरच्या कापडावर उमटतो. टेरिकॉट किंवा टेरीवूल प्रेसमध्ये घालताना जास्त जपावं लागतं, कारण त्यातलं पॉलिएस्टर ७०–८० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं आणि थंड होताना दिलेला आकार धरून बसतं. घडी सरळ असेल तर हा फायदाच. वाकडी बसली तर तीही तशीच टिकते.

कापडाला इजा होत नाही म्हणणाऱ्यांनी गडद रंगाची पँट उजेडात धरून पाहावी. त्याच जागी रोज गरम दाब पडला की धागे चपटे होऊन चकाकी येते. इस्त्रीत पँट उलटी करता येते, मध्ये ओलं फडकं ठेवता येतं. प्रेसमध्ये तशी सोय नाही. दुसरं नुकसान दुहेरी घडीचं. जुन्या घडीशेजारी बोटभर अंतरावर नवी घडी पडते, आणि ती काढायला शेवटी वाफेची इस्त्रीच लागते. पँट प्रेसमध्ये घालताना चारही शिवणी एकावर एक जुळवणं, खिसे रिकामे करणं, हे दोन मिनिटांचं काम टाळू नये.

ओल्या पँटचं मात्र अजिबात करू नका. दोन बंद पाट्यांमधून वाफेला बाहेर पडायला वाट नसते, आणि विजेवर तापणाऱ्या पाटीत पाणी मुरवणं धोक्याचं आहे. दिवसभरच्या घामाचा किंवा हवेतला दमटपणा वेगळा. तो लोकरीला उपयोगीच पडतो.

जुना प्रेस स्वस्तात मिळत असेल तर आधी वायर आणि टायमर तपासा; टायमर नसलेला प्रेस चालू ठेवून झोपू नये. ब्रिटिश प्लगमध्ये फ्यूज असतो, आणि एवढ्या कमी वॅटच्या यंत्राला ३ अँपिअरचा योग्य. १३ चा बसवलेला दिसला तर बदलून घ्या. भारतात आणणार असाल तर विजेचा दाब दोन्हीकडे २३० व्होल्टच आहे, पण पिना वेगळ्या. प्लग बदलताना अर्थिंगची तार असेल तर तीही जोडली आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या, आणि आपला प्लग बिनफ्यूजचा असल्याने फ्यूज कुठे बसवायचा तेही त्यालाच विचारा.