के. आर. नारायणन आणि ‘एका चिठ्ठीची पुण्याई’

माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्याविषयीचा एक मजकूर गेली काही वर्षे मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आहे. शब्द दर वेळी थोडे बदलतात, आशय तोच राहतो. लंडनच्या एका प्राध्यापकाची चिठ्ठी नेहरूंच्या हाती पडली आणि परराष्ट्र सेवेत परीक्षेविना नोकरी मिळाली. राजदूतपदे मर्जीतून मिळत गेली. राखीव मतदारसंघामुळे खासदारकी सोपी झाली. जातीमुळे राष्ट्रपतिपद चालून आले. आणि त्या पदावर बसून त्यांनी काँग्रेसच्या सोयीने सह्या करण्यापलीकडे काही केले नाही, असा तो दावा आहे. यातले काही तपशील खरे आहेत, म्हणूनच तो अनेकांना पटतो. मात्र त्या तपशिलांतून जे निष्कर्ष काढले आहेत, ते नोंदींशी ताडून पाहिले की टिकत नाहीत.

चिठ्ठीचा मुद्दा आधी घेऊ. अशी चिठ्ठी होती, आणि ती गोष्ट खुद्द नारायणन यांनीच जाहीरपणे सांगितलेली आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे 1948 साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील शिक्षण संपवून परतताना तिथले प्राध्यापक हॅरॉल्ड लास्की यांनी आपणहून नेहरूंच्या नावे परिचयपत्र दिले. दिल्लीत पंतप्रधानांची वेळ मिळाली, संसद भवनात भेट झाली, लंडनविषयी चार गोष्टी बोलून झाल्या आणि आता निघायला हवे हे ध्यानात आल्यावर, निरोप घेता घेता, नारायणन यांनी ते पत्र नेहरूंच्या हाती दिले. बाहेरच्या गोलाकार व्हरांड्यात ते निम्म्यापर्यंत पोचले असतील, तोच मागून टाळी ऐकू आली. पत्र वाचून नेहरू त्यांना परत बोलावत होते. हे आधीच का दिले नाही, असे त्यांनी विचारले. फिरणाऱ्या मजकुरात नारायणन चिठ्ठी पुढे करून नोकरी मागायला गेलेले दिसतात. त्यांनी स्वतः सांगितलेल्या हकिकतीत चिठ्ठी सर्वांत शेवटी येते.

त्याहून मोठा दोष असा की हा मजकूर नारायणन यांचे आयुष्य चिठ्ठीपासून सुरू करतो. तोवर त्यांच्या वयाची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे उलटलेली होती, आणि ती वर्षे वगळली की चिठ्ठी जादूची कांडी वाटू लागते. त्रावणकोर संस्थानातील उळवूर या गावी, परवन या अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीत त्यांचा जन्म झाला; शाळेच्या कागदांवर तारीख 27 ऑक्टोबर 1920 अशी आहे. वडील वैद्यकी करत. ज्ञानाला घरात मान होता, पैसा मात्र नव्हता. भातशेतांतून रोज सुमारे 15 किलोमीटर चालून हा मुलगा शाळेत जाई, आणि फी थकल्यामुळे वर्गात बसू दिले नाही की बाहेर उभा राहून धडा ऐके. पुस्तके विकत घेणे परवडत नसल्याने दम्याने आजारी असलेला थोरला भाऊ नीलकंठन इतर मुलांकडून पुस्तके आणून ती हाताने उतरवून काढी. (या भावाचा त्या मजकुरात उल्लेखही नाही, आणि मला ती उणीव इतर चुकांपेक्षा जास्त खुपते.) कोट्टायमच्या सीएमएस कॉलेजात त्यांनी शिष्यवृत्तीवर शिक्षण घेतले आणि 1943 साली त्रावणकोर विद्यापीठातून इंग्रजी साहित्याच्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळवला. त्यानंतर काही काळ त्यांनी ‘द हिंदू’ आणि ‘द टाइम्स ऑफ इंडिया’ या वृत्तपत्रांत काम केले. याच काळात, 10 एप्रिल 1945 रोजी, मुंबईत त्यांनी महात्मा गांधींची मुलाखत घेतली. लंडनला जाण्याचे साधन होते टाटांची शिष्यवृत्ती, आणि तिथली पदवी त्यांनी पहिल्या वर्गात मिळवली. लास्कींनी पत्र लिहिले ते या विद्यार्थ्यासाठी.

‘परीक्षेविना’ हा शब्दही संदर्भ तोडून वापरला जातो. भारतीय परराष्ट्र सेवा स्थापण्याचा निर्णय ऑक्टोबर 1946 मध्ये झाला. स्पर्धा परीक्षेतून आलेली पहिली तुकडी तयार होण्याआधीच नव्या देशाला जगभर दूतावास उघडायचे होते, त्यामुळे इंग्रजी राजवटीतील जुन्या प्रशासकीय सेवेतून म्हणजे आयसीएसमधून, लष्करातून, संस्थानी घराण्यांतून आणि सार्वजनिक जीवनातून माणसे निवडून घेण्यात आली. ती पद्धत योग्य होती का, यावर वाद जरूर घालावा. परंतु त्या पद्धतीने आलेल्या इतरांच्या वाट्याला हा आक्षेप येत नाही आणि एकट्या नारायणन यांच्या वाट्याला येतो, तेव्हा आक्षेपाचे मूळ पद्धतीत आहे की आणखी कशात, हे तो मजकूर पुढे धाडणाऱ्याने स्वतःला विचारावे.

नेहरूंनी त्यांच्यासाठी एकदा नियमातून सूट दिली, हेही सांगितले पाहिजे. रंगूनला असताना नारायणन यांची मा टिंट टिंट यांच्याशी ओळख झाली. परराष्ट्र सेवेतील अधिकाऱ्याला परदेशी व्यक्तीशी विवाह करता येत नसे. नेहरूंच्या विशेष परवानगीनंतर 8 जून 1951 रोजी दिल्लीत दोघांचा विवाह झाला आणि त्या उषा नारायणन झाल्या. ही सवलत खरी आहे. कारकिर्दीतल्या बढत्यांशी तिचा संबंध जोडता येत नाही.

राजदूतपदांच्या बाबतीत तारखा पाहिल्या तरी पुरे. नेहरूंचे निधन 1964 साली झाले. नारायणन थायलंडमध्ये राजदूत झाले 1967 साली, तुर्कस्तानात 1973 साली आणि चीनमध्ये 1976 साली. बीजिंगची नेमणूक मर्जीतल्या माणसाला विसाव्यासाठी द्यावी अशी नव्हतीच. 1961 पासून तिथे भारताचा राजदूत नव्हता. मध्ये 1962 चे युद्ध झाले होते आणि दूतावासाचा कारभार कनिष्ठ दर्जाच्या प्रतिनिधीवर चालला होता. पंधरा वर्षांनी पहिला राजदूत पाठवताना इंदिरा गांधींच्या सरकारने नारायणन यांना निवडले, आणि मार्च 1977 मध्ये ते सरकार पडून जनता पक्षाचे सरकार आले, तरी निवृत्तीपर्यंत म्हणजे 1978 पर्यंत ते बीजिंगमध्येच राहिले. त्या काळी परराष्ट्रमंत्री होते अटलबिहारी वाजपेयी. जानेवारी 1979 मध्ये नारायणन जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे कुलगुरू झाले, तेव्हाही केंद्रात जनता सरकारच होते. 1980 मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना अमेरिकेत राजदूत म्हणून पाठवले. हे एक पद राजकीय विश्वासातून मिळाले असे म्हणणे रास्त आहे, कारण निवृत्त अधिकाऱ्याची अशी नेमणूक सरकारच्या विश्वासाशिवाय होत नाही. तिथेही काम नाजूक होते. तारापूरच्या अणुइंधनावरून दोन्ही देशांत जुना वाद होता आणि जुलै 1982 मधील इंदिरा गांधींच्या भेटीत फ्रान्सकडून इंधन घेण्याचा मार्ग निघाला, तेव्हा वॉशिंग्टनमधील भारताचे राजदूत नारायणन होते.

राखीव मतदारसंघाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. केरळातील ओट्टपालम हा अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ होता. राखीव जागेवर सगळेच उमेदवार अनुसूचित जातीचे असतात आणि मतदार सर्व जातींचे. त्यामुळे आरक्षणाने नारायणन यांना त्यांच्या प्रतिस्पर्ध्यापेक्षा काडीचाही जास्त फायदा झाला नाही. 1984, 1989 आणि 1991 अशा तीन निवडणुका त्यांनी डाव्या पक्षांच्या उमेदवारांविरुद्ध जिंकल्या. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर आलेल्या 1984 च्या लाटेचा लाभ त्यांना झाला असणार, आणि 1989 मध्ये देशभर काँग्रेसची पडझड होत असताना केरळात तिची आघाडी जोरात होती, हेही मान्य करायला हवे. मात्र तो लाभ पक्षाचा होता, जातीचा नव्हता. राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात नियोजन, परराष्ट्र व्यवहार आणि विज्ञान व तंत्रज्ञान या खात्यांचे ते राज्यमंत्री होते. 1991 मध्ये निवडून येऊनही त्यांना मंत्रिपद मिळाले नाही. पदे चालून येणाऱ्या माणसाच्या चित्रात ही घटना बसत नाही, आणि मजकुरातून ती गळली आहे.

राष्ट्रपतिपद जातीमुळे मिळाले, या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. 1992 साली उपराष्ट्रपतिपदासाठी विश्वनाथ प्रताप सिंह यांनी त्यांचे नाव पुढे केले, तेव्हा दलित व्यक्ती त्या पदावर जावी ही इच्छा त्यामागे उघड होती, आणि स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 1997 मध्ये, त्या प्रतीकाचे वजन सर्वच पक्षांना जाणवत होते. तरीही प्रतीकाने माणूस पात्र ठरत नाही, तसा अपात्रही ठरत नाही. राधाकृष्णन, झाकीर हुसेन, व्ही. व्ही. गिरी, वेंकटरमण आणि शंकर दयाळ शर्मा हे सर्व उपराष्ट्रपतिपदावरूनच राष्ट्रपती झाले होते. तीच वाट नारायणन चालले, तेव्हा ती अचानक जातीची मेहेरबानी कशी ठरते? उपराष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांना 700 मते पडली आणि विरोधात एक. पुढची पाच वर्षे राज्यसभेचे सभापती म्हणून सर्व पक्षांनी त्यांचे काम रोज पाहिले. जुलै 1997 मध्ये राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत माजी मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्याविरुद्ध सुमारे 95 टक्के मतमूल्य त्यांच्या पारड्यात पडले. मोठ्या पक्षांपैकी शिवसेना तेवढी शेषन यांच्या बाजूने होती. पाच वर्षांचे काम पाहून दिलेली ती मते होती.

आता सह्यांचा मुद्दा. माझ्या मते या मजकुरातली सर्वांत अन्यायकारक गोष्ट हीच आहे, कारण इथे नोंदी स्पष्ट आहेत. राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागले पाहिजे, असे राज्यघटनेचा अनुच्छेद 74 सांगतो. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने त्याला एवढीच मुभा दिली की तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. मंत्रिमंडळाने तोच सल्ला पुन्हा दिला तर सही करावीच लागते. ही एक अरुंद फट आहे. राज्यांतील सरकारे बरखास्त करण्याच्या शिफारशीबाबत नारायणन यांच्याआधी कोणत्याही राष्ट्रपतीने ती वापरली नव्हती.

21 ऑक्टोबर 1997 रोजी लखनौच्या विधानसभेत ध्वनिक्षेपक उखडून एकमेकांवर फेकले गेले. त्या गदारोळात उत्तर प्रदेशातील भाजपच्या कल्याणसिंह सरकारने विश्वासमत जिंकल्याचे जाहीर झाले. राज्यपाल रोमेश भंडारी यांनी राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली आणि इंद्रकुमार गुजराल यांच्या मंत्रिमंडळाने ती उचलून धरली. हे राज्यपाल स्वतः माजी परराष्ट्र सचिव होते, आणि नारायणन परराष्ट्र खात्यात राज्यमंत्री झाले तेव्हा ते त्या पदावरच होते. जुन्या ओळखीने सही मिळण्याची शक्यता कुठे असेल, तर ती इथे होती. नारायणन यांनी शिफारस फेरविचारासाठी परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने ती पुन्हा पाठवली नाही. 1994 च्या एस. आर. बोम्मई निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताचा निवाडा सभागृहातच व्हावा असे सांगितले होते. उत्तर प्रदेशात तो, कसाही का असेना, सभागृहातच झाला होता.

हे गुजराल सरकार काँग्रेसच्या पाठिंब्यावर उभे होते आणि बरखास्तीतून वाचले ते भाजपचे सरकार. वर्षभराने, सप्टेंबर 1998 मध्ये, वाजपेयी मंत्रिमंडळाने बिहारमधील राबडी देवी सरकार बरखास्त करण्याची शिफारस केली, तेव्हा नारायणन यांनी तीही परत पाठवली. पक्ष बदलले, माप तेच राहिले. फेब्रुवारी 1999 मध्ये बिहारमधील हत्याकांडांनंतर नव्याने शिफारस आली, तेव्हा मात्र त्यांनी सही केली. घटनेची चौकट त्यांनी मोडली नाही; ‘घटनेच्या चार कोपऱ्यांत राहून काम करणारा राष्ट्रपती’ अशी आपली भूमिका त्यांनी सांगितली होती, आणि ती दोन्ही अर्थांनी पाळली. पुढे राज्यसभेत बहुमत नसल्याने बिहारमधील ती राष्ट्रपती राजवट सरकारनेच मार्चमध्ये मागे घेतली.

बोलण्याच्या बाबतीतही हेच दिसते. 27 जानेवारी 2000 रोजी, प्रजासत्ताकाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात, सरकार घटनेच्या पुनरावलोकनाचा घाट घालत असतानाच त्यांनी प्रश्न विचारला की राज्यघटनेने आपल्याला अपयश दिले, की आपणच राज्यघटनेला अपयशी ठरवले. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या कागदावर, अनुसूचित जाती-जमातींतील पात्र व्यक्तींचाही विचार व्हावा, असा शेरा त्यांनी लिहिला होता. तो शेरा उघड झाला आणि त्यावर वाद झाला. निमूट सही करणाऱ्याच्या कागदावरून वाद होत नाहीत.

काँग्रेसच्या सोयीचा उरलेला आरोप एप्रिल 1999 च्या घटनाक्रमाशी पडताळून पाहावा. 17 एप्रिलला वाजपेयी सरकार एका मताने पडले. सोनिया गांधींनी राष्ट्रपतींना भेटून 272 सदस्यांच्या पाठिंब्याचा दावा केला. वर्षभरापूर्वी, मार्च 1998 मध्ये, सर्वांत मोठ्या आघाडीचे नेते म्हणून वाजपेयी पुढे आले, तेव्हा नारायणन यांनी सहकारी पक्षांची लेखी पत्रे मागितली होती आणि ती मिळाल्यावरच त्यांना शपथ दिली होती. काँग्रेसलाही त्यांनी तोच निकष लावला. आकडा जमला नाही, आणि 26 एप्रिलला लोकसभा विसर्जित झाली. दोन्ही वेळा आपल्या निर्णयाची कारणे राष्ट्रपती भवनाने निवेदनाद्वारे जनतेपुढे ठेवली, आणि ती निवेदने आजही वाचता येतात.