कठडा तुटत होता, म्हणून जिना सरळ केला

आज दुपारी आमच्या कार्यालयातल्या सर्वांत तरुण सहकारी मुलीने एका घराचा सुधारित प्लॅन माझ्यासमोर ठेवला. गेल्या आठवड्यात आम्ही दोघींनी मिळून ठरवलेला, कोपऱ्यात तीन निमुळत्या पायऱ्या घेत वळणारा जिना त्यात नव्हता. त्याच्या जागी एक सरळसोट जिना होता आणि त्याला जागा मिळावी म्हणून बैठकीच्या खोलीची खिडकी भिंतीच्या दुसऱ्या टोकाला सरकवलेली होती. मी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, वळणावर कठडा तुटत होता, म्हणून जिना सरळ केला."

कठडा घरात तुटत नव्हता, तो स्क्रीनवर तुटत होता. एका सॉफ्टवेअरला वळणावरचा कठडा जोडता येत नाही, म्हणून एका कुटुंबाचा सकाळचा उजेड हलवला गेला, याचा मला मनापासून संताप आला आहे.

ज्यांनी वळणाचा जिना काढला आहे, त्यांना यातली मेख ठाऊक आहे. निमुळत्या पायऱ्या आतल्या कडेला अगदी अरुंद होतात, त्यामुळे तिथे थोड्याशा अंतरात तीन पायऱ्यांची उंची चढावी लागते आणि आतल्या बाजूच्या हँडरेलचा चढ एकाएकी तीव्र होतो. हाताने काढताना आपण तो चढ डोळ्याला आणि हाताला बरा वाटेल असा वळवून घेतो. सॉफ्टवेअर मात्र पायरीगणिक हिशेब करते, दोन चढ जुळले नाहीत की सूचना दाखवते आणि कठडा तिथेच सोडून देते. मग त्याचा तेवढाच तुकडा वेगळा घडवायचा, तो जागेवर बसवायचा आणि कोणी मजल्याची उंची दहा मिलिमीटरने बदलली की सगळे पुन्हा पहिल्यापासून करायचे. त्या मुलीचे तीन दिवस यात गेले.

मी नवीन असताना एका साइटवर याच प्रश्नाशी अडले होते. तिथल्या वयस्क सुतारांनी माझा कागद पाहिला, काही न बोलता फरशी झाडली आणि खडूने ते वळण खऱ्या मापात जमिनीवर आखले. माणूस जिथून चालतो ती रेषा त्यांनी आधी काढली, पायरीची रुंदी त्या रेषेवर मोजली आणि मग एक पातळ लाकडी पट्टी वाकवून हँडरेलचा चढ ठरवला. दोन रायझर (पायरीची उंची) आणि एक ट्रेड (पाऊल ठेवायची रुंदी) यांची बेरीज साधारण ६०० ते ६४० मिलिमीटर असावी, हा फ्रान्समध्ये सतराव्या शतकात वास्तुविशारद ब्लाँदेल यांनी मांडलेला नियम मी पाठ केला होता. सुतारांनी तो पावलाने तपासला. या सगळ्याला एक सकाळ लागली.

इव्हान सदरलँड यांनी १९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटीत स्केचपॅड हा संगणकावर रेखाटन करण्याचा प्रोग्राम तयार केला, तेव्हा माणूस प्रकाशलेखणीने आधी कच्ची रेघ ओढत असे आणि ही रेघ त्या रेघेला समांतर कर, या दोन सारख्या लांबीच्या कर, असे यंत्राला नंतर सांगत असे. १९८२ साली ऑटोकॅड हे ड्रॉइंग काढायचे सॉफ्टवेअर आले, तेव्हाही रेघ ही रेघच होती. आता घराचे त्रिमितीय मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली भिंत ओढण्याआधीच तिची जाडी, तिचे थर, तिचा मजला आणि तिची वरची हद्द द्यावी लागते. घर अजून मनातही नीट उभे राहिलेले नसते, आणि गिलाव्याची जाडी विचारली जाते! ज्या वयात चुकीच्या पन्नास रेघा ओढून एक बरोबर रेघ सापडायची, त्या वयात ही मुले मेन्यू शोधत बसली आहेत.

पाइप तुळईतून जातो आहे हे मॉडेल वेळेत दाखवते आणि खिडकी हलवली की सेक्शन, म्हणजे घराचा उभा छेद, आपोआप बदलतो, हे मला मान्य करावे लागते. पण त्याच मॉडेलची फाइल नव्या व्हर्जनमध्ये एकदा जतन केली की जुन्या व्हर्जनमध्ये उघडत नाही. आयएफसी या वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये देवाणघेवाण करायच्या फॉरमॅटमधून पाठवली तर आमच्या स्ट्रक्चरल सल्लागारांकडे आमचा जिना पायऱ्या बदलता न येणारा एक ठोकळा होऊन पोहोचतो. आणि वर्षाचे भाडे थकले, तर स्वतःची जुनी ड्रॉइंगसुद्धा दुरुस्त करता येत नाहीत.

दुपारी मी त्या मुलीवर आवाज चढवला, याचे मला आता फार वाईट वाटते आहे. सगळे घरी गेल्यावर मी स्वतः ती फाइल उघडली आणि दोन तास बसले; वळणाच्या तिसऱ्या पायरीवर कठडा तुटला. फाइलमध्ये तिने जिन्याच्या अकरा प्रती ठेवल्या होत्या, प्रत्येकीला तारीख आणि वेळ दिली होती, आणि शेवटची रात्री पावणेदोनची होती. तिने जिना सहजासहजी सोडला नव्हता. हे मी तिला विचारायला हवे होते.

तिला आत्ताच निरोप पाठवला आहे की सकाळी संगणक सुरू करू नकोस. बैठकीच्या टेबलाखालची फरशी मी मोकळी केली आहे, खडू आणि मोजपट्टी काढून ठेवली आहे. एकूण अठरा रायझर आहेत, प्रत्येकी १६५ मिलिमीटरचे. वळण सातव्यापासून सुरू होते. खिडकी पुन्हा तिच्या मूळ जागी येईल.