‘थोल’ आणि ‘तोल’: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या बोलीतला ‘थोल’, म्हणजे सोसणं, हा आपल्या ‘तोला’चा नातेवाईक आहे, म्हणजे दोघे एकाच जुन्या मूळ शब्दातून आलेत, असं मी लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं, हा निव्वळ आवाजाचा योगायोग. अशाने उद्या लोक सगळी इंग्रजी संस्कृतातून निघाली म्हणतील.

ती भीती मलाही वाटते. पण माझा भरवसा इथे साम्यावर नाही, फरकावर आहे. संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला जिथे त, तिथे इंग्रजीत थ: त्रि–थ्री, तनु–थिन, तृषा–थर्स्ट, तृण–थॉर्न. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये हा नियम मांडला. शब्द उसना घेतला असता तर थ आलाच नसता. सोनाराचा ‘तोळा’ इंग्रजांनी खरोखरच इथून उचलला, तो ‘टोला’ झाला, ‘थोला’ नाही! उलट ‘कट’ आणि ‘काटछाट’ कानाला हुबेहूब जुळतात, पण नियमात बसत नाहीत. तिथे मी नातं सांगणार नाही.

तोलण्याचा सोसण्याशी काय संबंध, असंही तुम्ही विचारलंत. मूळ अर्थ उचलून धरणं. संस्कृतात त्याचं वजन करणं झालं, जुन्या इंग्रजीत ‘थोलिअन’ म्हणजे सोसणं. आपलं ‘पेलणं’च बघा ना: भरली घागर पेलते आणि एखादं दुःख पेलवत नाही. लॅटिनमध्ये याच धातूचा त टिकला, आणि त्या वाटेने ‘टॉलरेट’ पुढे इंग्रजीत आला. म्हणजे घरचा ‘थोल’ होताच, वर त्याचा लॅटिन चुलतभाऊही येऊन राहिला.

पण दोघांचं वजन सारखं नाही. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या १७८५ च्या कवितेत नांगराचा फाळ उंदराचं पाल्याचं, धसकटांचं घरटं मोडून जातो. आता त्या जिवाला उघड्यावर हिवाळ्याची ओली बोचरी थंडी ‘थोल’ करायची आहे. तिथे ‘टॉलरेट’ घालून वाचलं की मला ती थंडीच लागत नाही. शेजाऱ्याच्या रेडिओचा आवाज ‘टॉलरेट’ करतात.

तुमचा शेवटचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर आहे. होडीच्या काठावर वल्हं टेकवायची खुंटी, तिलाही ‘थोल’ म्हणतात, पण तो शब्द वेगळा. वल्ह्याचा जोर ‘सोसते’ म्हणून थोल, हे मी घाईत लिहून गेलो. ते वाक्य आज लेखातून काढलं आहे.