जोडीदाराची जागा मोकळी ठेवून

जून संपत आला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणीबाणीचा वाद पेटतो. २५ जूनला 'संविधान हत्या दिवस' म्हणावं का, तुरुंगात गेलेल्यांना सरकारनं मानधन द्यावं का. महाराष्ट्रात हे मानधन २०१८ साली सुरू झालं, सरकार बदलल्यावर २०२० मध्ये बंद झालं आणि पुन्हा सरकार बदलल्यावर २०२२ मध्ये सुरू झालं. इथे चिलीची राजधानी सान्तियागोत बसून हे वाचताना मला राहून राहून क्वेका आठवते.

क्वेका हा चिलीचा जोडीनं करायचा नाच. हातात रुमाल घेऊन बाई आणि पुरुष एकमेकांभोवती फिरतात, जवळ येतात, पुन्हा लांब जातात आणि शेवटी पाय आपटत ठेका धरतात. सप्टेंबरातल्या राष्ट्रीय सणात तो गल्लोगल्ली चालतो. त्याच सप्टेंबरात, ११ तारखेला, १९७३ साली जनरल पिनोचेतच्या लष्करानं राष्ट्राध्यक्ष आयेंदे यांचं निवडून आलेलं सरकार उलथवलं. पुढच्या सतरा वर्षांत तीन हजारांहून जास्त माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. माणूस घरातून उचलून न्यायचा आणि चौकशीला आलेल्या बायकोला सांगायचं, 'असा कोणी आमच्याकडे नाही.'

८ मार्च १९७८ रोजी, हुकूमशाही ऐन भरात असताना, बेपत्ता कैद्यांच्या नातेवाईक बायका काउपोलिकान थिएटरात उभ्या राहिल्या. काळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज, छातीवर आपल्या माणसाचा फोटो. त्यांच्यातली एक जण एकटी क्वेका नाचली. गिरक्या सगळ्या घेतल्या, रुमाल फिरवला, फक्त समोर कोणी नव्हतं. जो माणूस कधी नव्हताच असं सरकार म्हणत होतं, त्याची जागा तिनं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दाखवून दिली. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, पिनोचेतनं हुकूम काढून क्वेकाला राष्ट्रीय नृत्य केलं. तरी बायका नाचत राहिल्या. पिनोचेतनं सत्तेवर राहावं का, या १९८८ च्या सार्वमतात 'नाही'च्या टीव्ही प्रचारातही त्या नाचल्या, आणि पिनोचेत हरला.

नाचून काय होतं, असं ग्रुपवरचा माझा भाचा विचारेल. प्रश्न रास्त आहे. हजाराहून जास्त जणांचा अजून पत्ता नाही. त्यांच्या शोधाची जबाबदारी राज्यानं राष्ट्रीय योजना आखून अंगावर घेतली ती २०२३ मध्ये. पण इतकी वर्षं तो प्रश्न जिवंत ठेवला तो या बायकांनी, आणि त्यासाठी त्या कोणत्याही सरकारच्या निर्णयावर अवलंबून राहिल्या नाहीत.

मानधनाला माझा विरोध नाही. ज्यांचे संसार मोडले त्यांना ते मिळायलाच हवं. पण सगळी आठवण एका जीआरवर टांगली की ती जीआरबरोबरच रद्द होते. आणि हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ अण्णाभाऊ साठे आणि अमर शेखांच्या डफावर उभी राहिली. आंबेडकरी जलशांनी तर त्याच्याही आधी गावोगाव हेच केलं. आणीबाणीतच, १९७५ च्या कराड साहित्य संमेलनात, केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण समोर असताना, अध्यक्ष दुर्गा भागवतांनी कैदेत आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायणांसाठी सभेला उभं राहून प्रार्थना करायला लावली. ग्रुपवर इतका वाद होतो, पण कराडचं नाव कोणी काढत नाही.

येत्या २५ जूनला गावागावांत माणसांनी तसं उभं राहावं. तुरुंगात गेलेल्या गावकऱ्यांची नावं शाहिरांनी डफावर गावीत. येरवड्यात समाजवादीही होते आणि संघाचेही, तेव्हा कोणाचंही नाव घेताना त्याचा पक्ष विचारू नये.